अठरा टक्के करडा

आमच्या घरी भिंतीवर अब्बांचे तीन फोटो होते, पण त्यांतल्या एकातही अब्बांचा चेहरा नव्हता. म्हणजे ते उभे होते, टोपी होती, कुर्ता होता. टोपी आणि कुर्ता यांच्यामध्ये एक काळा डाग होता. शेजारी मामू गोरे, त्यांचं नाक-डोळे सगळं नीट. आपाच्या शादीचा फोटो तर भर दुपारी काढलेला. तो पाहून अब्बा नेहमी म्हणायचे, "सब लोग दिन में हैं, मैं अकेला रात में खड़ा हूँ." आम्ही हसायचो. अम्मी हसत नसे. ती पदराने काच पुसायची, जणू डाग काचेवरच आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आमचं गाव आहे, करडी. चौकात अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरऑइलिंग, रोवणीच्या दिवसांत हातात पैसा नसलेल्यांची उधारी. आठवड्यातले सहा दिवस त्यांचे हात कोपरापर्यंत काळे असत. जुम्म्याला ते रॉकेलने, मग साबणाने हात धुवत आणि पांढरा कुर्ता घालत. तो कुर्ता अम्मी शिवायची. घरात शिवणाचं मशीन होतं, पण कुर्त्याच्या गळ्याचं काम ती हातानेच करायची.

त्या काळ्या डागाने एकदा आम्हाला घामही फोडला. कुठल्या तरी योजनेच्या कागदासाठी अब्बांना घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. खिडकीतल्या बाबूने मतदार ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्हीच कशावरून जी?" कार्डावर टोपीखाली नुसती शाई होती. अब्बा म्हणाले, "नाव माझं आहे, साहेब." बाबू म्हणाला, "नावाचं काय, तुमच्यात एका नावाचे दहा असतात." शेवटी गावातल्या एका ओळखीच्या मास्तरांनी साक्ष दिली, तेव्हा काम झालं. घरी येईपर्यंत अब्बा काही बोलले नाहीत. तेव्हा मी बारावीला होतो. पुढे मी कॅमेऱ्याच्या धंद्यात का गेलो असं कोणी विचारलं की मी सिनेमाची आवड वगैरे सांगतो. खरं कारण ती खिडकी असावी.

२००३ साली मुंबईत आलो आणि कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका ऑफिसात अटेंडंट म्हणून लागलो. पेट्या उचलायच्या, लेन्स पुसायच्या, चहा आणायचा. ज्या कॅमेरामनच्या हाताखाली मी पुढे शिकलो त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी पहिल्या दिवशी गाव विचारलं. मी म्हटलं, करडी. ते एवढे हसले की हातातला कप सांडला. "अरे, मग तू तर आमच्या धंद्यातलाच! मिडल ग्रेमधून आलास!"

मला तेव्हा काही कळलं नाही. नंतर त्यांनी एक जाड पुठ्ठा दाखवला, ना काळा ना पांढरा. पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा. प्रकाश मोजणारं मीटर सगळं जग या एका करड्या रंगाच्या हिशेबाने मोजतं. तुम्ही त्याला कोळसा दाखवा, त्याला वाटतं हा करडाच आहे, उजेड कमी पडलाय. तो कोळसा उजळ करायला सांगतो. पांढरी चादर दाखवा, त्याला वाटतं उजेड फार झालाय. तो चादर मळकी करायला सांगतो. मीटर खोटं बोलत नाही, त्याला एवढंच येतं.

मी पुठ्ठा हातात धरून उभा राहिलो आणि आमच्या भिंतीवरचे तीन फोटो डोळ्यांपुढे आले. दहा माणसं, दहा पांढरे कुर्ते, दहा टोप्या. कॅमेऱ्याने तो सगळा पांढरा रंग पाहिला, सगळं खाली ओढलं, आणि त्या ओढाओढीत जो मुळात सावळा होता तो अंधारात गेला. ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येणारे फोटो आठवा. पांढऱ्या पाठींच्या रांगाच रांगा. चेहरा शोधायला गेलं तर सापडत नाही. सगळ्यांतच छायाचित्रकाराचा काही हेतू असतो असं नव्हे. बऱ्याचदा तो मीटरचं ऐकतो आणि घरी जातो.

मीटरच्या पुढेही एक भानगड होती. रंगीत फिल्म आणि तिचे प्रिंट नीट आलेत का हे ठरवायला कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचं कार्ड द्यायची. त्यावर एक गोरी बाई. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. १९५० च्या दशकापासून कित्येक वर्षं त्या बाईची कातडी बरोबर आली की सगळं बरोबर, असा हिशेब. पुढे चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांनी तक्रारी केल्या, आमच्या मालातल्या तपकिरी छटा वेगळ्या दिसत नाहीत म्हणून. तेव्हा कंपनीने तपकिरी रंगाकडे लक्ष दिलं, असं त्या कंपनीत काम केलेल्या लोकांनीच नंतर सांगितलं. चॉकलेटची दाद लागली. त्याच रंगाच्या माणसांनी बहुधा तक्रार केलीच नसेल. ती माझ्या अब्बांसारखी विनोद करत बसली असतील.

उस्ताद फिल्मवाले होते. त्यांची शिकवण एकच, निगेटिव्हला उपाशी ठेवू नकोस. थोडा उजेड जास्त दे. फिल्म जास्तीचा उजेड रिचवते; पांढरा रंग एकदम जात नाही, हळूहळू विरतो, साखर दुधात विरावी तसा. 'कागज़ के फूल' (१९५९) मधला व्ही. के. मूर्तींचा तो उजेडाचा झोत ते हातवारे करून सांगत. बाहेरचं ऊन आरशांवरून आत फिरवून आणलेलं. "वो सफ़ेद देखा? जला हुआ है, पर मुर्दा नहीं है." हे वाक्य मी पन्नासदा ऐकलं असेन.

मग आमच्यासमोरच तो धंदा बदलला. २००७ मध्ये रेड वन आला, २०१० मध्ये आरीचा अलेक्सा. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. उस्तादांनी मीटर पेटीत ठेवलं ते ठेवलंच. मी मात्र डिजिटल शिकलो, आणि पहिली गोष्ट शिकलो ती उस्तादांच्या उलटी होती. इथे सावलीपेक्षा आधी उजेड सांभाळायचा.

हे का, ते मी गावाकडच्या भाषेत सांगतो. सेन्सर म्हणजे धानाच्या लहान लहान बांध्या समजा, लाखो बांध्या शेजारी शेजारी. उजेड म्हणजे पाऊस. जिथे जास्त पडेल तिथली बांधी जास्त भरेल; किती भरली हे मोजून कॅमेरा चित्र बनवतो. पण प्रत्येक बांधीला धुरा आहे. पाणी धुऱ्याला लागलं की पुढचं सगळं वाहून जातं. मग एक तास जास्त पाऊस पडला की चार तास, भरलेल्या बांधीकडे पाहून तुम्ही सांगू शकत नाही. यालाच आम्ही 'क्लिप' होणं म्हणतो. कमी भरलेल्या बांधीत गढूळ का होईना, काही तरी असतं. उपसून वर काढता येतं. भरून वाहिलेल्या बांधीतून काही काढता येत नाही, कारण तिथे वेगळं असं काही उरलेलंच नसतं. सगळ्या एकसारख्या काठोकाठ.

त्यातही लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन जातींच्या बांध्या. त्या एकदम भरत नाहीत. दिवसाच्या उजेडात बहुधा हिरवी आधी भरते. एक भरली, दोन राहिल्या, तर रंग वाकडा होतो; तिन्ही भरल्या की कोरा कागद. संगणकावर 'हायलाइट रिकव्हरी' नावाचं बटण असतं. ते उरलेल्या एक-दोन रंगांवरून तिसऱ्याचा अंदाज बांधतं. तिन्ही गेल्यावर ते तरी काय करणार?

हे सगळं मला पाठ होतं. मी नव्या मुलांना शिकवत होतो. झेब्रा लावा, फॉल्स कलर लावा. अलेक्साच्या फॉल्स कलरमध्ये मधला करडा हिरवा दिसतो, गोरी कातडी गुलाबी, आणि जळालेला पांढरा लाल. वेव्हफॉर्म बघा, वरची रेघ सुरीने कापल्यासारखी सपाट झाली की समजा गेलं. आणि मॉनिटरवर विश्वास ठेवू नका. मॉनिटर दाखवतो ते शिजवलेलं चित्र. सेन्सरमध्ये कच्चं वेगळं असतं. मॉनिटरवर पांढरं जळालेलं वाटतं, पण कच्च्यात पुष्कळदा सगळं शाबूत असतं, नंतर खाली आणता येतं.

ही शेवटची शिकवण मला महागात पडली.

१६ जून २०१८, शनिवार. रमजान ईद. अम्मी जाऊन चार वर्षं झाली होती. मी एका मित्राकडून छोटा सिनेमा कॅमेरा मागून आणला होता. अब्बांना एकदा नीट चित्रात पकडायचं, एवढंच मनात होतं. त्यांचा काळा डाग कायमचा पुसायचा. अब्बा नमाज पढून आले, शीरखुर्मा झाला, आणि मी त्यांना अंगणात निंबाखाली बाजेवर बसवलं. चेहरा सावलीत, पण सकाळचं ऊन फांद्यांखालून तिरपं येऊन छातीवर, खांद्यावर पडलेलं. कोणीही शहाणा कॅमेरामन बाज दोन हात मागे सरकवेल. मला ते ऊन आवडलं. सणाचं ऊन वाटलं.

त्या दिवशी मी काय केलं ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं आहे, म्हणून आकड्यांसकट सांगतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. अब्बांची कातडी मधल्या करड्यापेक्षा सुमारे एक स्टॉप खाली. म्हणजे ती जशी आहे तशी दाखवायची तर करड्याच्या एक स्टॉप खालीच ठेवायला हवी. मी ती बरोबर करड्यावर आणून ठेवली. एक स्टॉप जास्त. सावली आणि ऊन यांत तीन स्टॉपचा फरक होता. पांढरं कापड करड्याच्या सव्वादोन स्टॉप वर असतंच. बेरीज केली तर उन्हातला कुर्ता करड्याच्या सव्वासहा स्टॉप वर गेला. तो कॅमेरा ८०० आयएसओला करड्याच्या वर सहा स्टॉप धरू शकत होता. पण चेहऱ्यात दाणा दिसू नये म्हणून मी आयएसओ ४०० केला होता. कच्च्या फाइलमध्ये आयएसओ बदलल्याने सेन्सर जास्त-कमी पाहत नाही, फक्त करड्याची जागा सरकते; ४०० केलं की सावलीला एक स्टॉप मिळतो आणि तो उजेडाकडून घेतलेला असतो. वर राहिले पाच. सव्वासहाचं पाणी आणि पाचाचा धुरा.

मॉनिटरवर कुर्ता पांढराफटक दिसत होता. मी पाहिला. मनात म्हटलं, मॉनिटर आहे, कच्च्यात असेल. वेव्हफॉर्मचं बटण अंगठ्याखाली होतं. दाबलं नाही. मी चेहरा पाहत होतो. पहिल्यांदा अब्बांचा चेहरा दिसत होता. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालचा तीळ, दाढीतला प्रत्येक केस. मी त्यातच गुंतलो.

अब्बा दुकानाबद्दल बोलत होते, सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या वगैरे. मध्येच थांबून त्यांनी कुर्त्याच्या गळ्यावर बोट ठेवलं. "ये तेरी अम्मी का काम है. बराबर आएगा ना?"

मी कॅमेऱ्यामागून म्हटलं, "सब आएगा, अब्बा."

२०२० च्या जानेवारीत अब्बा गेले. मुंबईहून पोचेपर्यंत मिट्टी झाली होती. दोन महिन्यांनी टाळेबंदी आली, शूटिंगं बंद पडली, आणि मी खोलीत बसून जुन्या हार्ड डिस्क उघडू लागलो. ईदची फाइल मी तोवर एकदाही धड पाहिली नव्हती. कामात राहून गेलं म्हणायचं, दुसरं काय.

अब्बा छान आले होते. इतके छान की मला आधी आनंदच झाला. मग ते म्हणाले, बराबर आएगा ना, आणि बोट गळ्यावर ठेवलं, आणि ज्यावर बोट ठेवलं तिथे काहीच नव्हतं. कोरा कागद. अम्मीला लखनवी वगैरे काम येत नव्हतं. ती पांढऱ्या कापडावर पांढऱ्या धाग्याने धानाच्या लोंब्या काढायची, गळ्याभोवती आणि खाली बटणपट्टीवर. जवळ गेल्याशिवाय कोणाला दिसायच्या नाहीत. त्या शेवटच्या कुर्त्याच्या वेळी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, लोंब्या थोड्या वाकड्या झाल्या होत्या, आणि अब्बा त्यावरून तिला चिडवायचे, "इस साल फसल गिर गई." ती पडलेली फसल चित्रात नव्हती. मी आयएसओ बदलला, एक्स्पोजर खाली ओढलं, तीन स्टॉप, चार स्टॉप. पांढरा होता तो राखाडी झाला, पण राखाडी कोराच राहिला. अब्बांचा चेहरा मात्र खाली ओढता ओढता पुन्हा रात्रीत गेला. मी घाईने सगळं पूर्ववत केलं. वेव्हफॉर्म लावला. वरती सपाट रेघ, सुरीने कापलेली.

रंगाचं काम करणाऱ्या एका मित्राला फाइल पाठवली. त्याने दोन दिवस खटपट केली. उन्हाच्या कडेला, खांद्याच्या खाली, जिथे थोडी सावली होती तिथे त्याला दोन लोंब्या सापडल्या. लाल रंगात थोडं उरलं होतं, त्यावरून. त्याने ती चौकट मोठी करून पाठवली आणि खाली लिहिलं, "भाई, बाकी नहीं है. तेरे जैसे बंदे ने ये कैसे किया?"

कसं केलं, याचं उत्तर मी बरेच दिवस तांत्रिक देत होतो. आयएसओ, निंबाचं झाड, मॉनिटर, फिल्मची जुनी सवय. ती सगळी कारणं खरी आहेत. पण सव्वासहातला एक स्टॉप यांपैकी कशातही बसत नाही. तो मी स्वतःच्या हाताने दिला होता. अब्बा जेवढे सावळे होते तेवढे मी त्यांना राहू दिलं असतं आणि आयएसओला हात लावला नसता, तर कुर्ता सव्वापाचावर बसला असता, सहाच्या आत, लोंब्यांसकट. मी बाबूच्या खिडकीला उत्तर देत होतो. त्या खिडकीला उत्तर देण्यासाठी अब्बांना एक स्टॉप उजळ करायची काय गरज होती? 'फँड्री' (२०१३) मी तोवर तीनदा पाहिला होता. विक्रम अमलाडींच्या कॅमेऱ्यातला जब्या उन्हात उभा आहे, सावळाच्या सावळा, आणि त्याच्या डोळ्यांतलं सगळं कळतं. पाहताना मी वाहवा केली होती. माझ्या घरच्या माणसाची वेळ आली तेव्हा माझा हात शर्ली कार्डाकडे गेला.

अब्बांचे कपडे चाळिसाव्याआधी आपाने वाटून टाकले. रीतच आहे. तो कुर्ता कोणाला गेला हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दिया सो दिया. अब पूछना नहीं." मी पुन्हा विचारलं नाही. पण करडीच्या बाजारात गेलो की माझे डोळे अजून लोकांच्या गळ्यांवर फिरतात, आणि लोकांना वाटतं हा मुंबईचा माणूस असा काय बघतो.

गेल्या हिवाळ्यात, धान चुरून झाल्यावर, गावी गेलो होतो. अब्बांचे धाकटे भाऊ, आमचे चाचा, आता ऐंशीला टेकले आहेत. अब्बांचाच रंग, अब्बांचीच कपाळपट्टी. ते स्वतःहून म्हणाले, "मेरा भी निकाल ले, बाद में रोते बैठेगा." चाचा असेच बोलतात.

त्यांना छपरीत बसवलं, ऊन कुठूनच येत नव्हतं अशा जागी. उस्तादांचं जुनं स्पॉट मीटर आता माझ्याकडे आहे. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने दिलं. ते डोळ्याला लावून आधी चाचांच्या गालावर रोखलं. पाचपॉइंट सहा. मग कुर्त्यावर. सोळा, आणि वर थोडं. तीन स्टॉपांचं अंतर. आठावर ठेवलं की गाल करड्याच्या एक खाली, जिथे तो असतो तिथेच. कुर्ता दोन-सव्वादोन वर, वर हवी तेवढी जागा शिल्लक. आयएसओ ८०० वर होता, तिथेच राहू दिला. झेब्रा लावला, वेव्हफॉर्म लावला, सगळं लावलं. चाचा कंटाळले.

"कितना आया?" त्यांनी विचारलं.

"चेहरा पाचपॉइंट सहा, कुर्ता सोळा."

"अच्छा है क्या?"

"अच्छा है. थोडे साँवले आओगे."

"तो मैं क्या गोरा हूँ?" मग त्यांनी कुर्त्याकडे पाहिलं. "पर मेरा तो बाज़ार का कुर्ता है, सादा. इस पे कुछ है ही नहीं. इतनी देर से क्या नाप रहा है उसमें?"

म्हटलं, "सिलवटें हैं, चाचा. अब हिलना मत."